निमोसाठी ॲनिमोन कोणतं घ्यायचं? आधी टाकीकडे आणि कन्नडच्या उन्हाळ्याकडे बघा

२००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश घराघरांत ‘निमो’ झाला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आहे. तरीही मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ (स्वयंपाकघरातलं नव्हे) आणि आरओचं पाणी असलं की इथेही खाऱ्या पाण्याची टाकी उभी राहते. त्यात निमोची जोडी सोडली की पुढचा प्रश्न ठरलेलाच. सिनेमात दिसतं तसं डोलणारं समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, कोणतं आणायचं?

दुकानात याचं उत्तर माशाकडे बघून दिलं जातं. खरं तर ते टाकीकडे बघून द्यायला हवं. आणि बऱ्याचदा ते ‘सध्या कोणतंच नको’ असंच असतं.

माशाला त्याची गरज असते का?

समुद्रात असते. ॲनिमोन दिसायला फूल असलं तरी तो प्राणी आहे आणि त्याच्या प्रत्येक बोटासारख्या शुंडकावर विषारी डंख असतात. क्लाउनफिशच्या अंगावर एक खास बुळबुळीत थर असल्यामुळे त्याला ते डंख लागत नाहीत. मोठे मासे मात्र जवळ येत नाहीत, म्हणून हा लहान मासा तिथे सुरक्षित राहतो. घरातल्या टाकीत त्याला खाणारं कुणीच नसतं. त्यामुळे ॲनिमोन नसतानाही क्लाउनफिश वर्षानुवर्षं मजेत जगतो, अंडीही घालतो.

क्लाउनफिश आता हॅचरीत तयार होतात. केरळमधल्या विळिंजमला आणि तमिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे काम केलं आहे. महाराष्ट्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी नवी मुंबईत ऐरोलीला आहे. हॅचरीतल्या माशांपैकी अनेकांनी जन्मात कधी ॲनिमोन पाहिलेलं नसतं.

ॲनिमोनचं गणित वेगळं आहे. दुकानातली बरीच ॲनिमोन थेट समुद्रातून काढलेली असतात. नीट राहिलं तर ॲनिमोन माणसाइतकं जगू शकतं. स्कॉटलंडच्या सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक ॲनिमोन उचलून काचेच्या भांड्यात ठेवलं. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. ते ॲनिमोन, लोक त्याला ‘आजी’ म्हणायचे, १८८७ पर्यंत जगलं. घरगुती टाकीत आलेलं ॲनिमोन मात्र काही महिन्यांतच विरघळून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय ते मेलं तर एकटं जात नाही. सडताना पाणी असं बिघडवतं की एका रात्रीत मासेही जातात.

कोणतं चालतं, कोणतं नाही

ॲनिमोनच्या हजाराहून जास्त प्रजाती आहेत, पण क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या जेमतेम दहा. त्यातही प्रत्येक माशाची आवड ठरलेली. सिनेमातला निमो म्हणजे ऑसेलारिस. तो समुद्रात मॅग्निफिका आणि जायंट कार्पेट अशा ॲनिमोनमध्ये राहतो. नेमकी हीच सांभाळायला सगळ्यात अवघड. मॅग्निफिकाला कडक उजेड आणि पाण्याचा जोरदार प्रवाह लागतो, ते टाकीभर फिरतं आणि प्रवासातच अर्धमेलं होतं. कार्पेट जातीची ॲनिमोन फूटभराहून मोठी होतात आणि टाकीतले इतर मासे पकडून खातात. पुस्तकातला ‘नैसर्गिक जोडीदार’ घरी आणायचा हट्ट इथे महागात पडतो.

नवख्या माणसाने घ्यायचंच असेल तर बबल टिप घ्यावं. त्याच्या शुंडकांच्या टोकाला फुगा आल्यासारखं दिसतं. ऑसेलारिस समुद्रात त्यात राहत नाही, पण टाकीत बऱ्याचदा स्वीकारतो. मोठा फायदा असा की बबल टिप स्वतःचे दोन तुकडे करून वाढतं. म्हणजे एखाद्या शौकिनाच्या टाकीत तयार झालेलं पिल्लू मिळू शकतं. ते समुद्रातून काढलेलं नसतं आणि टाकीला सरावलेलंही असतं. असं मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

पांढरंशुभ्र ॲनिमोन सुंदर दिसतं, पण ते आजारी असतं. त्याच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ निघून गेलेलं असतं आणि त्याचं बरंचसं अन्न हेच शेवाळ उजेडातून तयार करतं. भडक पिवळं किंवा जांभळं दिसलं तर रंग चढवला आहे का, हे विचारावं. तोंड घट्ट मिटलेलं, पाय न फाटलेला आणि दुकानात अन्न दिल्यावर शुंडकांनी धरून ठेवणारं, असं बघून घ्यावं.

टाकी सजवायला ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचे तुकडे दाखवले तर मात्र नको म्हणा. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात.

कन्नडमध्ये अडचण कुठे येते?

पाणी २५ ते २७ अंशांत आणि क्षार स्थिर, एवढं ॲनिमोनचं मागणं. एप्रिल-मे महिन्यात बाहेर चाळिशी गाठणाऱ्या गावात तेवढंच जड जातं. चिलर महाग असतो, पण कोरड्या हवेचा इथे उपयोग होतो. ज्या कारणाने मराठवाड्यात कूलर छान चालतो, त्याच कारणाने टाकीवर लावलेला साधा पंखा पाणी काही अंशांनी उतरवतो. त्याची किंमत अशी की पाणी भराभर उडतं आणि मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज आरओच्या गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या नाही. बोअरचं पाणी तर नकोच, कारण त्यातले क्षार साठत जातात. हायड्रोमीटरवर आकडा १.०२५ च्या आसपास टिकला पाहिजे.

दुसरी अडचण विजेची. पंप बंद पडला की प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटतो. पंप आणि पंखा इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर निदान बॅटरीवर चालणारा एअर पंप तरी.

ॲनिमोन मुंबई-पुण्याहून मागवायचं असेल तर हिवाळ्यात मागवा. मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीतून रात्रभर आलेली पिशवी उघडताना वास आला, तर ते टाकीत टाकायचंच नाही.

टाकी किमान सहा महिने जुनी हवी, वर्षाची असली तर उत्तम. दीड-दोनशे लिटरपेक्षा लहान टाकीत पाणी लवकर बिघडतं. साध्या ट्यूबचा उजेड पुरत नाही, प्रवाळांसाठी मिळणारा एलईडी लागतो. बबल टिप जागा आवडेपर्यंत सरकत राहतं, त्यामुळे पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी बसवा. नाहीतर ते त्यात ओढलं जाऊन चिंधड्या होतात. आठवड्यातून एकदा कोळंबीचा लहान तुकडा दिला की पुरे. तोंड बराच वेळ उघडं राहिलं, पाय सुटला आणि पाण्याला वास आला, तर वाट न पाहता ते बाहेर काढा.

एवढं सगळं करूनही मासे त्यात राहायला जातीलच असं नाही. काही जोड्या तासाभरात शिरतात, काहींना महिने लागतात. आणि काही शेजारी ॲनिमोन असतानाही रात्री फिल्टरच्या पाइपलाच चिकटून झोपतात.