गोळी चावूनच का खायची?

ऑगस्टात राधानगरी, गगनबावड्याकडे पावसाची झड लागलेली असते. ओढे भरून वाहतात आणि शाळेच्या व्हरांड्यात ओल्या चपलांचा ढीग पडलेला असतो. अशाच एखाद्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर गुरुजी गोळ्यांचे पाकीट घेऊन वर्गात येतात आणि एकेका पोराच्या हातावर गोळी ठेवतात. सूचना ठरलेल्या असतात. गोळी समोर उभे राहून चावायची, गिळायची नाही, घरीही न्यायची नाही. आजारी असेल त्याने आधी सांगायचे. फेब्रुवारीत हाच कार्यक्रम पुन्हा होतो.

पोरांना या सूचना शाळेच्या इतर नियमांसारख्याच वाटतात. प्रत्यक्षात त्या एकेका सूचनेमागे औषधाचा स्वभाव आहे, आणि काही सूचनांमागे कुठल्या तरी मुलाचा गेलेला जीव आहे.

गोळी अल्बेंडाझोलची असते, ४०० मिलिग्रॅमची. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. १ ते १९ वर्षांच्या सर्वांना ही गोळी शाळेत नाही तर अंगणवाडीत, फुकट मिळते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी पुढच्या काही दिवसांत दुसरी फेरी असते. भारतातल्या १ ते १४ वर्षे वयाच्या सुमारे २४ कोटी मुलांना मातीतून पसरणाऱ्या जंतांचा धोका आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतक्या मुलांना आधी शौचाची तपासणी करून मग औषध देणे शक्य नाही. म्हणून ते सरसकट दिले जाते. निरोगी मुलालाही द्यायचे औषध किती निर्धोक असायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

अल्बेंडाझोल निर्धोक ठरते ते दोन कारणांनी. प्रत्येक पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात आणि पेशीची आतली वाहतूक त्यांच्यावर चालते. हे औषध जंताच्या ट्युब्युलिनला घट्ट चिकटते. मग नळ्या बांधल्या जात नाहीत, जंताच्या शरीरात साखर शोषली जात नाही, साठवलेली शक्ती संपते. दोन-तीन दिवसांत जंताची आतड्यावरची पकड सुटते आणि तो शौचावाटे वाहून जातो. माणसाचे ट्युब्युलिन थोडे वेगळे असल्याने त्याला हे औषध तितके घट्ट धरत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अल्बेंडाझोल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पोटात गेलेल्या औषधापैकी ५ टक्क्यांहून कमी भाग रक्तात उतरतो आणि बाकीचे सगळे आतड्यातच, म्हणजे जिथे जंत आहेत तिथेच, राहते.

गोळी चावायची ती यासाठी. चावून तिचा भुगा झाला की औषध आतड्यात सगळीकडे पसरते. शिवाय अख्खी गोळी लहान मुलाच्या घशात अडकू शकते, तो धोकाही टळतो.

औषध आतड्यात राहते म्हणूनच ते सौम्य आहे, हे त्याच औषधाच्या दुसऱ्या उपयोगावरून नीट कळते. मेंढ्या आणि कुत्री यांच्यामार्फत माणसाला होणाऱ्या हायडॅटिड रोगात यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. तिथे औषध रक्तातून पोहोचवावे लागते. म्हणून डॉक्टर ते तुपातेलाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. स्निग्ध जेवणाने त्याचे शोषण सुमारे पाचपट वाढते. रोज दोन वेळा, चार-चार आठवडे गोळ्या चालतात आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते, कारण आता यकृतावर ताण येऊ शकतो, पांढऱ्या पेशी घटू शकतात. औषध एकच असले तरी शाळेतली एक गोळी आणि हा महिनाभराचा उपचार यांना एका मापाने मोजता येत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून ‘चार दिवस घेऊन बघू’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

शंभर वर्षांपूर्वी जंतांवरचा उपचार खरोखर भीतीदायक होता. किरमाणी ओव्यातून काढलेले सँटोनिन गोल जंतांवर देत. त्याने रुग्णाला सगळे जग पिवळे दिसू लागे आणि मात्रा थोडी चढली तर झटके येत. अंकुशकृमीवर थायमॉल देत. ते तेलात आणि दारूत विरघळून झपाट्याने रक्तात जाते. म्हणून थायमॉल घेतलेल्याला एरंडेल देणे जिवावर बेतू शके आणि जुलाबासाठी क्षार वापरावा लागे. १९२१ साली अमेरिकेतील मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइडचा उपाय पुढे आणला. तो स्वस्त आणि जालीम होता, म्हणून जगभर मोठ्या प्रमाणावर दिला गेला. यकृत निकामी होऊन माणसे दगावली, त्यांत दारू पिणारे अधिक. या सगळ्या औषधांची अडचण एकच होती. जंताला मारणारे विष माणसाच्या रक्तातही उतरत होते. १९७० च्या दशकात जनावरांसाठी शोधलेले अल्बेंडाझोल पुढे माणसांसाठी आले आणि ती अडचण बरीचशी सुटली.

घराघरात मात्र अजून जुनेच समज मुरलेले आहेत. कोल्हापूरसारख्या गुळाच्या बाजारपेठेच्या गावात ‘गूळ खाऊ नको, जंत होतील’ हे वाक्य न ऐकता मोठे झालेले मूल विरळा. गुळाने जंत होत नाहीत. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत पडतात, दोन ते चार आठवडे ओलीत राहून तयार होतात आणि न धुतलेल्या हातावरून, कोथिंबिरीच्या जुडीवरून किंवा काकडीवरून तोंडात जातात. झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंतच झाले आहेत, हेही खरे मानण्यासारखा पुरावा नाही. वावडिंगाचे पाणी पाजायची घरची रीत कुणाला मोडायची नसेल तर मोडू नये, पण तेवढ्यावर विसंबून गोळी टाळू नये.

अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नाही. त्याच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, घशात चढतात, गिळल्या जातात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यांना उबदार, ओली, सावलीची, भुसभुशीत माती लागते. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर शिरोळात त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकाच. पण शिरोळची कसर पाटाचे पाणी आणि उसाची दाट सावली भरून काढते. भाताची रोपलावण असो की उसाची भांगलण, चपला बांधावर राहतात आणि पाय चिखलात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ओल्या रानात या अळ्यांपासून वाचायला पाऊल पूर्ण झाकणारे काहीतरी हवे. बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या वेगळ्या. अळी शिरलेल्या जागी बारीक पुरळ येऊन खाज सुटते आणि काही दिवसांत आपोआप जाते. त्यामुळे कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही.

एक अंकुशकृमी दिवसाला फार तर थेंबाच्या काही हिश्शांपासून चार-पाच थेंबांपर्यंत रक्त घालवतो. एखाद्या मुलीच्या पोटात असे शंभर असतील आणि ताटात लोह कमी असेल, तर त्या मुलीचा चेहरा पांढरा का पडला हे शोधायला लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला जंत हे एकमेव कारण नाही, आहार हे मोठे कारण आहे. म्हणूनच ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमात लोहाची गोळी आणि जंताची गोळी जोडीने येतात. एकीने रक्त वाढायचे आणि दुसरीने गळती थांबायची.

देण्याच्या रीतीबद्दल मात्र कुठेही हयगय चालत नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच गोळी. तीन वर्षांपर्यंत, अर्धी असो वा अख्खी, दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यात कालवून द्यायची. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून, डोके मागे करून औषध ओतायचे नाही. इथिओपियात २००७ साली जंतनाशक मोहिमेत काही लहान मुले गोळी घशात अडकून गुदमरून दगावली होती. त्यांचा जीव औषधाने गेला नव्हता, ते देण्याच्या पद्धतीने गेला होता. त्यानंतर चुरून देण्याच्या नियमावर अधिक भर आला. ताप असलेल्या, जुलाब होणाऱ्या किंवा दुसरे औषध चालू असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत. ते बरे झाल्यावर देतात.

ज्याला फिट येतात त्या मुलाबद्दल तर आईवडिलांनी शिक्षकांना आणि आशाताईंना आवर्जून सांगावे. डुकरामार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्याच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत होऊ शकतात. औषधाने त्या मरू लागल्या की आसपास सूज येते आणि झटका येण्याची शक्यता असते. हे क्वचित घडते, पण अशा रुग्णाला अल्बेंडाझोल द्यायचे तर रुग्णालयात, स्टेरॉइडच्या आधाराने द्यावे लागते. गरोदर बाईने पहिले तीन महिने ही गोळी घेऊ नये. दुसऱ्या तिमाहीत ती सरकारी आरोग्य केंद्रातूनच दिली जाते.

गोळीनंतर थोडी मळमळ, पोटात कळ, एखादी उलटी, डोके दुखणे हे ज्याच्या पोटात जंत अधिक त्याला अधिक होते आणि बहुधा दिवसभरात थांबते. कधी जंत बाहेर पडलेले दिसतात आणि आई घाबरते. घाबरण्याचे कारण नाही, पण ही गोष्ट आदल्या दिवशीच सांगितलेली असली पाहिजे. न सांगता दिलेल्या गोळीचे काय होते ते मुंबईने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. गोवंडीतील महापालिका शाळेत शिकणारी १२ वर्षांची मुलगी दगावली आणि तिच्या मृत्यूचा संबंध शाळेत वाटलेल्या गोळ्यांशी जोडला गेला. पालकांनी शेकडो मुले घाईघाईने रुग्णालयांत आणली. शवविच्छेदनातून त्या मुलीला क्षयरोग असल्याचे दिसून आले. रुग्णालयात आणलेल्या मुलांपैकी बहुतेकांना गंभीर काही नव्हते. त्या पालकांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या लेकराला काय दिले, का दिले आणि त्रास झाला तर कुठे जायचे, हे आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे.

या गोळीच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हव्यात. एका मात्रेत गोल जंत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांचे जातात, अंकुशकृमी साधारण पाऊणशे जणांचे, चाबूककृमी मात्र तिसाच्या आसपास. फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्यांपर्यंत ती पोहोचत नाही, आणि पुढचा संसर्गही रोखत नाही. उदाहरणार्थ, कोल्हापुरात २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला. पंचगंगेचे पाणी प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या घरांत होते तेव्हा गॅस्ट्रोची भीती लगेच होती. जंतांची भीती उशिरा सुरू होते. पाणी ओसरल्यावर गाळात राहिलेली अंडी दोन-चार आठवड्यांनी तयार होतात, त्यानंतर पोटात गेलेल्या जंताला मोठे व्हायला आणखी दोन-तीन महिने लागतात. म्हणून एकदा गोळी झाली की वर्षभर सुटका, असे होत नाही.

सरसकट गोळ्या देण्याचा फायदा किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. केनियातील बुसिया भागात एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांना १९९० च्या दशकाअखेर शाळेतील गैरहजेरी सुमारे चौथ्या भागाने घटलेली दिसली. क्रेमर यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर मिळाले. उत्तर प्रदेशात मात्र दहा लाखांवर बालकांवर झालेल्या चाचणीत, जी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, वजनात आणि मृत्युदरात ठळक फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. जिथे पोटांत जंत फार, तिथे गोळीचा गुण मोठा; जिथे थोडे, तिथे थोडा. त्यामुळे कोणत्या तालुक्यात किती जंत उरले आहेत याची शौचाचे नमुने घेऊन पुन्हा पुन्हा मोजणी व्हायला हवी. गोळ्यांच्या आकड्यांइतकेच या मोजणीचे आकडेही महत्त्वाचे मानले पाहिजेत.

गरजेपेक्षा जास्त औषधाचे काय होते, हे मेंढरांनी दाखवून दिले आहे. अल्बेंडाझोलच्याच कुळातले थायबेंडाझोल १९६१ मध्ये मेंढ्यांसाठी आले आणि तीनच वर्षांत त्याला न जुमानणारे जंत सापडले. जंताच्या ट्युब्युलिनमध्ये एका जागचा एक घटक बदलला की औषधाची पकड सुटते. आज जगभर मेंढ्या-शेळ्यांच्या जंतांवर हे औषधकुळ ठिकठिकाणी निरुपयोगी झाले आहे. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला जमणाऱ्या धनगरांच्या कळपांपासून गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्या गोठ्यांपर्यंत हीच औषधे वापरली जातात. त्यांची मात्रा वजनाप्रमाणे पुरी द्यावी, औषधकुळ पशुवैद्याच्या सल्ल्याने बदलावे आणि गोठ्यातली बाटली घरातल्या माणसासाठी कधीही उघडू नये.

एक गट मात्र या सगळ्या व्यवस्थेच्या कडेला राहतो. साखर कारखान्यांच्या गाळपासाठी बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या फडांत असतात. त्यांची पोरे उसाच्या सरीत अनवाणी फिरतात आणि त्यांच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, आसपास शौचालय क्वचितच असते. त्यांचे पटावरचे नाव गावाकडच्या शाळेत असते, पोरे मात्र इथे. शाळाबाह्य मुलांनाही जवळच्या अंगणवाडीत गोळी द्यायची, असे मोहिमेचे नियमच सांगतात. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणती टोळी कोणत्या गावच्या रानात आहे याची यादी रोजच्या रोज असते. ती त्या आठवड्यात आशाताईंच्या हाती पडली, तर त्यांना कोपीपर्यंत पोहोचणे अवघड नाही.