धाग्यांचे थांबणे आणि जागे होणे : जावा आभासी यंत्राच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने लिहिलेला बहुधागी प्रोग्रॅम नऊ वेळा बिनचूक चालतो आणि दहाव्या वेळी गोठतो. पडद्यावर चुकीचा संदेश येत नाही, प्रोसेसरवर भारही दिसत नाही. प्रोग्रॅम नुसता थांबलेला असतो. विद्यार्थी मग मध्येच 'स्लीप'ची एक ओळ घालतो. त्या दिवसापुरता प्रोग्रॅम चालतो आणि दोष दूर झाला असे मानले जाते. वस्तुतः तो दूर झालेला नसतो, लपलेला असतो. हाच विद्यार्थी उद्या बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या संगणक प्रणालीवर काम करणार असतो, म्हणून या सवयीची दखल वर्गातच घेणे आवश्यक ठरते. जावा आभासी यंत्राच्या आत धागा (थ्रेड) कसा थांबतो, त्याला कोण आणि कसे जागे करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणे डिचोली व पेडणे या तालुक्यांतील घेतली आहेत.

कुलूप आणि रांग

अनेक धागे एकाच माहितीत बदल करू लागले तर माहिती बिघडते. म्हणून त्या माहितीला कुलूप लावतात आणि एका वेळी एकाच धाग्याला आत सोडतात. मूळ अरबी 'कुफ्ल'वरून मराठीत रुळलेला 'कुलूप' हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. या रचनेला 'मॉनिटर' म्हणतात. पेर ब्रिंच हॅन्सन व सी. ए. आर. होअर यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती मांडली. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक वस्तूला (ऑब्जेक्टला) असे एक कुलूप जोडलेले होते.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिजवाहू ट्रकांच्या रांगा हे एके काळी नित्याचे दृश्य होते. २०१२ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा त्या रांगाही थांबल्या. वजनकाटा एक आणि ट्रक अनेक, अशी कल्पना करावी. काट्यावर एक ट्रक असेपर्यंत दुसऱ्याला चढता येत नाही. येथे काटा म्हणजे कुलूप आणि ट्रक म्हणजे धागे.

इंजिन चालू ठेवावे की बंद करावे?

रांगेतल्या चालकापुढे दोन पर्याय असतात. इंजिन चालू ठेवून काट्याकडे पाहत राहिले तर नंबर लागताच पुढे सरकता येते, पण डिझेल जळत राहते. इंजिन बंद करून झोपले तर डिझेल वाचते, मात्र कोणीतरी उठवावे लागते आणि पुन्हा सुरू होण्यात वेळ जातो. पहिला पर्याय म्हणजे प्रोसेसर अडवून सतत तपासत राहणे. दुसरा म्हणजे कार्यप्रणालीला 'मला बाजूला ठेव' असे सांगून थांबणे. प्रतीक्षा अगदी थोडी असेल तर पहिला पर्याय स्वस्त पडतो, दीर्घ असेल तर दुसरा. हॉटस्पॉट हे जावाचे प्रचलित आभासी यंत्र दोहोंचा मेळ घालते. धागा आधी थोडा वेळ तपासत राहतो; तेवढ्यात कुलूप न मिळाल्यास झोपी जातो.

हरवलेली हाक

खरी अडचण झोपण्याच्या क्षणी येते. चालकाने पाहिले, काट्यावर ट्रक आहे. तो इंजिन बंद करण्यासाठी वळला. नेमक्या त्याच क्षणी काटा मोकळा झाला आणि त्याला हाक मारली गेली. इंजिनाच्या आवाजात ती ऐकू आली नाही. मग तो झोपला. हाक देणाऱ्याच्या मते काम झाले आहे. चालकाच्या मते हाक यायची आहे. आता त्याला कोणीही उठवणार नाही. प्रयोगशाळेत दहाव्या वेळी गोठणाऱ्या प्रोग्रॅममागे पुष्कळदा हेच कारण असते. जावाच्या आरंभीच्या 'सस्पेंड' व 'रिझ्यूम' या आज्ञांत हा धोका होता. शिवाय 'सस्पेंड' केलेला धागा हातातले कुलूप घेऊनच थांबत असे. म्हणून १९९८च्या आवृत्तीत त्या त्याज्य ठरवल्या गेल्या.

यावरचा उपाय म्हणजे परवाना. हाक मारण्याऐवजी चालकाच्या केबिनमधील पेटीत चिठ्ठी टाकायची. झोपण्यापूर्वी चालकाने पेटी पाहायची. चिठ्ठी असेल तर ती उचलून थेट पुढे जायचे, नसेल तरच झोपायचे. २००४ साली आलेल्या जावा ५ मध्ये डग ली यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या समांतर कार्याच्या ग्रंथालयात 'पार्क' व 'अनपार्क' या क्रिया याच तत्त्वावर चालतात. 'अनपार्क' आधी झाले आणि 'पार्क' नंतर, तरी परवाना वाया जात नाही. मात्र पेटीत एकच चिठ्ठी मावते. 'अनपार्क' दोनदा केल्याने दोन परवाने साठत नाहीत.

पेटी पाहणे आणि झोपणे यांच्या मधल्या क्षणी चिठ्ठी पडली तर? लिनक्सवर हॉटस्पॉट प्रत्येक धाग्यासाठी एक अंक (शून्य किंवा एक), एक लहान कुलूप आणि एक प्रतीक्षा-चल राखून ठेवते. अंक पाहणारा धागा ते लहान कुलूप धरूनच पाहतो. कुलूप सोडणे व झोपणे या दोन गोष्टी कार्यप्रणालीच्या साहाय्याने एकाच अखंड क्रियेत घडतात. त्यामुळे हाक हरवायला फटच उरत नाही.

'वेट' आणि 'नोटिफाय'

मॉनिटरमध्ये दोन वेगळ्या रांगा असतात, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. एक कुलूप मिळण्याची वाट पाहणाऱ्यांची. दुसरी कुलूप मिळूनही एखादी अट पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्यांची. दुसऱ्या रांगेत जाण्यासाठी 'वेट' वापरतात. 'वेट' करताना धागा कुलूप सोडतो. 'स्लीप' करताना सोडत नाही. 'नोटिफाय'ने जागा झालेला धागाही लगेच धावू लागत नाही, त्याला कुलूप पुन्हा मिळवावे लागते. तोवर दुसऱ्याच धाग्याने परिस्थिती बदललेली असू शकते. कधी कधी धागा कारणाशिवायही जागा होतो. म्हणून अट 'इफ'ने एकदाच न तपासता 'व्हाइल'ने पुन्हा पुन्हा तपासावी. शेजारच्या ट्रकच्या हॉर्नने जाग आली तरी काटा मोकळा आहे की नाही, हे चालकाने पाहिलेच पाहिजे. प्रतीक्षेत असलेल्यांच्या अटी वेगवेगळ्या असतील तर 'नोटिफाय'ऐवजी 'नोटिफायऑल' वापरणे सुरक्षित.

मुदतीची प्रतीक्षा

कोकण रेल्वेवर मडुरे व पेडणे या स्थानकांदरम्यान बोगदा आहे. मार्ग एकेरी असल्याने पुढची गाडी तो भाग मोकळा करीपर्यंत मागची गाडी स्थानकात थांबते. पण मार्गच बंद पडला तर? ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, तर जुलै २०२४ मध्ये आत पाणी झिरपल्याने वाहतूक बंद पडली. दोन्ही वेळा गाड्या अन्य मार्गांनी वळवाव्या लागल्या. २०२० मध्ये त्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे गेल्या. अनिश्चित काळ थांबण्याऐवजी ठराविक मुदतीनंतर दुसरा मार्ग धरण्याची सोय प्रोग्रॅममध्येही असावी लागते. जावात 'वेट' व 'पार्क' या दोहोंना वेळेची मर्यादा घालता येते.

आभासी धागे

कार्यप्रणालीचा प्रत्येक धागा स्मृती अडवतो, त्यामुळे असे लाखो धागे निर्माण करणे परवडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने आभासी धागे स्थिर स्वरूपात दिले. असा धागा थांबला की आभासी यंत्र त्याची स्थिती स्मृतीत जपून ठेवते आणि त्याला वाहणारा खरा धागा दुसऱ्या कामासाठी मोकळा करते. आरंभी 'सिंक्रोनाइज्ड' भागात थांबलेला आभासी धागा खऱ्या धाग्यालाही अडकवून ठेवत असे. मार्च २०२५च्या जावा २४ मध्ये ही अडचण बहुतांशी दूर झाली. थांबण्याची व उठवण्याची तत्त्वे मात्र तीच राहिली.

समारोप

अध्यापकांनी गोठलेला प्रोग्रॅम लगेच बंद न करता तो शिकवण्याचे साधन मानावा. 'जेस्टॅक' या साधनाने प्रत्येक धागा 'ब्लॉक्ड' आहे, 'वेटिंग' आहे की 'टाइम्ड वेटिंग' आहे, हे समोर दिसते. 'ब्लॉक्ड' दिसल्यास कुलूप कोणाच्या हाती आहे ते शोधावे. 'वेटिंग' दिसल्यास उठवणारा कोण होता आणि त्याची हाक कुठे गेली ते विचारावे. विद्यार्थी हे दोन प्रश्न विचारू लागला की 'स्लीप'ची ओळ घालण्याची गरज त्याला भासणार नाही.