पिकण्याची वाट कशासाठी?

आमच्या आत्याबाईंच्या मोतीबिंदूचा पहिला सुगावा घरात लागला तो धुण्याच्या बादलीवरून. धोतरांना नीळ देण्याचे काम त्यांनी सुनांच्या हाती कधी जाऊ दिले नव्हते. पण एका पावसाळ्यानंतर ‘हल्लीच्या निळीत काही जीवच राहिला नाही’ अशी तक्रार करीत त्या नीळ वाढवू लागल्या, आणि दिवाळीपर्यंत दोरीवरची धोतरे चांगली आकाशी दिसू लागली तरी त्यांना ती पिवळटच वाटत. नेत्रातील भिंग जन्मतः नितळ असते, ते वार्धक्यात पिवळे व पुढे तपकिरी होऊन निळा प्रकाश आतच अडवू लागते, हे त्या वेळी आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नाही. उलट, त्याच सुमारास त्या चष्म्याशिवाय पोथी वाचू लागल्या, तेव्हा दृष्टी परत आली म्हणून आम्ही आनंद मानला. वस्तुतः भिंगाचा गाभा कठीण होऊन त्याची शक्ती वाढली होती. जवळचे स्पष्ट झाले होते ते दूरचे गमावून, आणि तेही काही महिन्यांच्याच मुदतीपुरते.

नऊ-दहा मिलिमीटर व्यासाच्या या भिंगात एकही रक्तवाहिनी नसते. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांचा असून ती इतक्या दाट आणि सुव्यवस्थित रीतीने रचलेली असतात, की प्रकाश त्यांतून विनासायास पार जातो. परंतु गाभ्यातली प्रथिने आपण आईच्या उदरात असताना घडलेली. ती पुन्हा कधी नवी होत नाहीत, सबब साठ-सत्तर वर्षांची झीज त्यांच्यावर साचत जाते, ती एकमेकांस चिकटतात आणि प्रकाश सरळ न जाता विखुरतो. मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला बसलेला मार आणि स्टेरॉइडचे दीर्घकाळचे सेवन यांमुळे हीच क्रिया अकाली होते. अशी बिघडलेली रचना पूर्ववत करील असा एकही सिद्ध थेंब आज उपलब्ध नाही. थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो असे सांगणाऱ्यावर कोणी विसंबू नये, असे मी कळकळीने सांगतो.

‘मोतीबिंदू पिकला का?’ हा प्रश्न नेत्रचिकित्सकाच्या दारात सर्वांत अधिक विचारला जातो, आणि तो अज्ञानातून नव्हे तर अनुभवातून आलेला आहे. आपल्या आजोबांच्या काळी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घेऊन भिंग त्याच्या आवरणासकट काढीत. टाके पडत, डोके हलू नये म्हणून दोहों बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवीत, आणि इतके सोसून हाती येई तो दहा-बारा नंबरचा जाड चष्मा, ज्यातून पायरी नसेल तेथे दिसे आणि पेल्याकडे नेलेला हात पेल्याच्या अलीकडेच थांबे. असल्या सौद्यासाठी मनुष्याने दृष्टी पुरती अंधारेपर्यंत थांबावे हा सल्ला त्या काळी शहाणपणाचाच होता.

तो सल्ला फिरला तो दोन शोधांमुळे. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसून तेथेच निमूट राहिले होते, आणि शरीराने त्यांविरुद्ध फिर्याद केली नव्हती, हे निरीक्षण त्यांना वाट दाखवून गेले. पुढे १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वन्यतीत कंपनांनी भिंग फोडून बारीक नळीने ओढून घेण्याची रीत, म्हणजे आजची फेको, प्रचारात आणली. लोक तिला सर्रास ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात. पण तेथे काम करतो तो ध्वनी. छेद तीन मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, आणि त्यातूनच घडी घातलेले भिंग आत सोडतात. ही भिंगे सामान्यांच्या आवाक्यात यावीत म्हणून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ पासून ऑरोलॅबमध्ये त्यांचे उत्पादन सुरू केले.

आता पिकलेला, म्हणजे कठीण झालेला, मोतीबिंदू फोडण्यास अधिक ऊर्जा लागते, आणि तिचा ताप बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या आतल्या पेशींना पोहोचतो. त्या पेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. त्याहूनही वाईट म्हणजे अतिपक्व भिंग फुगले किंवा पाझरले की डोळ्यातील दाब वाढतो, काचबिंदू उद्भवतो, आणि नेत्रनाडीचे झालेले नुकसान कोणतीही शस्त्रक्रिया भरून काढीत नाही. तेव्हा मोतीबिंदू किती पिकला, यापेक्षा आपले काम कोठे अडते, तांदळातला खडा, बसची पाटी, रात्री समोरून येणारा दिवा यांपैकी काय चुकते, हे डॉक्टरांस सांगावे. शस्त्रक्रियेसाठी थंडीची वाट पाहण्याचे तर काहीच कारण उरलेले नाही.

एक गोष्ट मात्र न विचारताही सांगावी. वृद्ध पुरुष लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिनची गोळी घेत असतात, आणि डोळ्याशी तिचा काय संबंध म्हणून तिचा उल्लेख करीत नाहीत. ही गोळी बाहुलीभोवतालचा पडदा सैल करते. शस्त्रक्रिया चालू असता तो लुळा पडून मध्ये येतो. आधी ठाऊक असेल तर शल्यविशारद त्याची तजवीज करून ठेवतो.

पुढे आत्याबाईंचीही शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्या आठवडाभर थेंबांच्या वेळा कटाक्षाने पाळीत होत्या. त्या दिवसांत वेदना वाढली, लाली चढली किंवा आलेली दृष्टी पुन्हा मंदावली, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. तेथे सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धुके आले तर तो नवा मोतीबिंदू नसतो. भिंगामागचे जे पातळ आवरण मुद्दाम राखलेले असते ते गढूळ होते, आणि त्यात लेझरने खिडकी पाडणे हे काही मिनिटांचे काम. येथे मात्र लेझर खरा.

आठव्या दिवशी आत्याबाई अंगणात आल्या. दोरीवरच्या धोतरासमोर उभ्या राहून त्यांनी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा झाकला, मग पुन्हा पहिला, आणि आत वळून म्हणाल्या, “अगं, इतकी नीळ कोणी घातली?”