कोविलडीचा बांध

सांगलीत वाढलेल्या माणसाला नदीचा आकडा वाचायची सवय लहानपणापासून लागते. पावसाळ्यात रस्त्यात कुणी भेटलं की तब्येतीची चौकशी नंतर, आधी "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे आमच्याकडे पाढ्यांसारखं पाठ असतं. २०१९ साली आकडा ५७ च्या पुढे गेला आणि आमच्या गल्लीत होडी आली. नदीची पातळी म्हटली की ती चढण्याचीच भीती, असं मी पन्नाशीपर्यंत धरून चालले होते.

पाणी उतरलं तरी माणसाचं अडतं, हे मला कळलं ते ऱ्हाइनवर. ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही दोघं बाझेलहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या नदीच्या क्रूझवर होतो. आयुष्यभराच्या बचतीतून काढलेली सहल. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आलं की काऊब गावापाशी नदीला पाणी नाही, बोट पुढे जाणार नाही. मग सामानासकट सगळ्यांना बसमध्ये बसवलं. उथळ टप्प्याच्या पलीकडे त्याच कंपनीची दुसरी बोट उभी होती, तिच्यात पुन्हा चढवलं. बसच्या खिडकीतून काऊब दिसलं. नदीच्या मधोमध खडकावर फाल्झग्राफेनश्टाइन नावाचा जुना जकातीचा किल्ला आहे. एरवी तिथे होडीनेच जावं लागतं, त्या दिवशी माणसं उघड्या पडलेल्या गोट्यांवरून चालत किल्ल्यापर्यंत निघाली होती.

काऊबचा आकडा मी तेव्हापासून रोज बघू लागले. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. याचा अर्थ नदीत वीतभर पाणी उरलं होतं असा नव्हे. मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळावर नसतो, बोटीच्या वाटेत त्याहून मीटरभर तरी जास्त खोली असते. पण १३५ मीटर लांबीच्या, दीड मीटरहून अधिक पाण्यात बुडणाऱ्या बोटीला तेवढ्याने भागत नाही. डॅन्यूबवर बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा असाच एक टप्पा आहे, तिथे नदीला बांध नाहीत म्हणून पाणी कमी झालं की बोटी थबकतात. एल्ब नदीत चेक प्रजासत्ताकातल्या जेचिनला पात्रात एक दगड आहे, त्यावर १६१६ पासूनच्या दुष्काळांची सालं कोरलेली आहेत आणि मी दिसलो की रडा, असं तो दगड जर्मनमध्ये सांगतो. त्याला भुकेचा दगड म्हणतात. दगड दिसला म्हणजे बोटी थांबल्या, धान्य येणार नाही, एवढं पूर्वीच्या लोकांना पुरे होतं.

असा दगड आपल्याकडे कुठे असेल, या शोधात मी कावेरीवर पोचले. मेट्टूर धरणाच्या फुगवट्यात पण्णवाडी नावाची जागा आहे. धरण १९३४ साली पुरं झालं तेव्हा तिथली गावं बुडाली. पाणी खाली गेलं की आधी एका चर्चचे मनोरे वर येतात आणि मग जलकंठेश्वराच्या देवळाचा मोठा नंदी. त्या पाण्यातून माणसं होडीने पलीकडे नागमरैला जातात. नंदी दिसू लागला की होडीवाल्यांना कळतं तसं तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, कावेरीच्या मुखाकडे राहणाऱ्यांनाही कळतं. मेट्टूरची पूर्ण पातळी १२० फूट. तंजावर जिल्ह्यातला शेतकरी तो आकडा रोज पाहतो, आम्ही आयर्विनचा पाहतो तसाच. फक्त आमचा जीव आकडा चढताना वरखाली होतो, त्यांचा उतरताना.

त्याच जिल्ह्यातल्या आडुतुरैला मी उतरले ती मेच्या अखेरीस. कुंभकोणम आणि मयिलाडुतुरै यांच्यामधलं हे छोटं स्टेशन. तुरै म्हणजे घाट, नदीत उतरायची जागा. देवळाच्या परंपरेत गावाचं नाव तेन्कुरंगाडुतुरै, माकडं खेळली तो दक्षिणेचा घाट. सुग्रीवाने इथे शिवाची पूजा केली अशी कथा आहे, आणि नदीच्या उत्तर काठावर याच नावाचं जोडगाव आहे. मी गेले तेव्हा ओढ्याच्या तळाला वाळू आणि बाभळी होत्या. एक म्हातारे गृहस्थ धोतर गुडघ्यावर खोचून वाफ्याच्या तोंडाची माती फावड्याने साफ करत होते. पाणी यायला अजून पंधरा दिवस होते. रस्त्याने जाणारा सायकलवाला थांबून त्यांना म्हणाला, "तण्णी वंदाच्चा?" पाणी आलं का? उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. सांगलीतला आमचा प्रश्नही असाच असतो, उत्तरासाठी विचारलेला नसतो.

इथून चार-पाच किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर, आपल्याकडच्या जुन्या लोकांचं मध्यार्जुन क्षेत्र. तंजावरच्या गादीवरून १७९८ साली उतरवलेले अमरसिंह भोसले इथे येऊन राहिले आणि १८०२ मध्ये वारले. मला खरं म्हणजे त्यांच्या वाड्याबद्दलच लिहायचं होतं. पण त्यासाठी वाचता वाचता रॉबर्ट ऑर्मच्या १७६३ साली निघालेल्या लढायांच्या इतिहासात एक नाव भेटलं, कोविलडी, आणि वाडा बाजूला राहिला.

कोविलडी कळायला नदी कळली पाहिजे. तिरुचिरापल्लीच्या वर कावेरीचे दोन फाटे होतात, मध्ये श्रीरंगमचं बेट. उत्तरेचा फाटा कोल्लिडम, दक्षिणेचा कावेरी. कोल्लिडमचा उतार जास्त, वाट सरळ आणि पात्र खोल. कावेरीचा तळ वर. बेट संपतं तिथे दोन्ही फाटे पुन्हा इतके जवळ येतात की मध्ये जमिनीची अरुंद पट्टी उरते. ती पट्टी आणि तिच्यावरचा मातीचा बांध फुटला की कावेरीचं पाणी कोल्लिडममध्ये घसरतं आणि थेट समुद्राला मिळतं. मग खालच्या तंजावर मुलखात, आडुतुरैपर्यंत आणि त्याच्याही पुढे, शेकडो कालव्यांत पाण्याचा थेंब येत नाही. चोळ राजांचं कल्लणै हे दगडी धरण यासाठीच तिथे आहे, आणि कोविलडी त्याच्या शेजारी.

१७५४ चा उन्हाळा. तिरुचिरापल्लीसाठी एका बाजूला इंग्रज आणि नवाब महंमद अली, दुसऱ्या बाजूला फ्रेंच आणि म्हैसूरकर. तंजावरचे प्रतापसिंह भोसले इंग्रजांकडे झुकलेले. त्यांना धडा शिकवण्यासाठी फ्रेंच सेनापती मॅंव्हिल याने मे महिन्यात कोविलडी घेतली आणि तो बांध कापला. गाव जाळलं नाही, किल्ला पाडला नाही, मातीत एक खिंडार पाडलं. वेळही नेमकी साधली होती. कुर्गच्या डोंगरातला पाऊस जूनमध्ये कावेरीत उतरतो. त्याच्या आधी महिनाभर बांध फोडला म्हणजे येणारं सगळं पाणी कोल्लिडमच्या वाटेने गेलं. राजाला लढाईत हरवण्यापेक्षा त्याच्या रयतेची पेरणी बुडवणं स्वस्त पडतं, हे त्या सेनापतीला पक्कं कळलं होतं. लढाईच्या पुस्तकांत मी वाचलेल्या क्रूर गोष्टींमध्ये ही मी फार वर धरते.

आणि यात आपला माणूस होता. फ्रेंच-म्हैसूरकरांच्या बाजूने तेव्हा गुत्तीचे मुरारराव घोरपडे लढत होते, संताजींच्या घराण्यातले, त्या काळातले दक्षिणेतले सर्वांत नावाजलेले घोडेस्वार. तंजावरचा सेनापती मानोजी जगताप, हाही मराठा. त्याच सुमारास मुराररावांच्या स्वारांनी तंजावरचं दीड हजार घोडदळ गाठलं आणि कापून काढलं, ऑर्मच्या हिशेबाने जेमतेम तीनशे वाचले. त्या पथकाच्या सरदाराचं नाव ऑर्म 'गौडेराव' लिहितो, ते बहुधा गाडेराव असावं. घोरपडे, गाडे, भोसले, जगताप: साताऱ्याजवळच्या एखाद्या लग्नात एका पंगतीला बसली असती अशी ही नावं, कावेरीच्या काठावर एकमेकांवर तलवार धरून उभी होती. मुराररावांच्या पराक्रमाबद्दल मी लहानपणापासून वाचत आले. कापलेल्या बांधाची ही बाजू त्यात कधी आली नव्हती. ती यायला हवी होती असं मला आता ठामपणे वाटतं.

पुढे तह जवळ आला तेव्हा राजाची पहिली निकड बांधाची होती. माती टाकायला मजूर जमवले, पण उघड्यावर काम करणाऱ्या माणसांवर कुणी चालून येऊ नये म्हणून इंग्रजांनी कॅप्टन जोसेफ स्मिथला तुकडी देऊन पाठवलं. पाटीवर माती वाहणाऱ्यांच्या राखणीला सैन्य, असा तो देखावा होता.

त्याहून मला खिळवून ठेवणारं भांडण दहा वर्षांनंतरचं. त्यात तोफ नाही, फक्त कागद आहे. १७६२ च्या तहाने तंजावरने नवाबाला थकबाकीपोटी २२ लाख रुपये आणि पुढे वर्षाला ४ लाख द्यायचे ठरलं होतं. पुढच्या वर्षी प्रतापसिंह वारले, तुळजाराजे गादीवर आले, आणि कोविलडीचा बांध पुन्हा ढासळत चालला. बांधाची जमीन तिरुचिरापल्लीच्या हद्दीत, म्हणजे नवाबाची. नवाब म्हणाला, माझ्या जमिनीवर दुसऱ्याने कुदळ मारायची नाही. तुळजाराजांचं म्हणणं, दुरुस्ती पहिल्यापासून तंजावरचीच, कारण पाणी आमचं. नवाब स्वतः दुरुस्ती करीना आणि करूही देईना. त्याला काही फोडायचं नव्हतंच. एक-दोन पावसाळे थांबला असता तर नदीनेच ते काम केलं असतं. जो राजा खंडणी देतो त्याचं पीक आपल्या हातात राहावं, एवढाच हिशेब.

दोघांनी मद्रासच्या कंपनी सरकारकडे धाव घेतली. कौन्सिलने चौकशी केली, बरीच घासाघीस झाली, आणि शेवटी दुरुस्तीचा हक्क तंजावरच्या राजाचा, असं नवाबाला मान्य करायला लावलं. कंपनीबद्दल चांगलं लिहिण्याचे प्रसंग मला फार येत नाहीत, पण हा निवाडा बरोबर होता. जमीन कुणाची हा प्रश्न त्यांनी एका बाजूला ठेवला आणि बांध फुटल्यावर उपाशी कोण राहतो, याला महत्त्व दिलं. नंतर त्याच कंपनीने नवाबाच्या साथीने १७७३ मध्ये तंजावर घेतलं, तुळजाराजांना कैद केलं आणि १७७६ मध्ये परत गादीवर बसवलं, तो भाग मराठी वाचकाला ठाऊक आहे.

एकोणिसाव्या शतकात इंजिनियर आले. कावेरीच्या पात्रात वाळू साचून तळ आणखी वर आला होता, कोल्लिडम वर्षागणिक जास्त पाणी ओढत होती. आर्थर कॉटनने १८३६ मध्ये फाटे फुटतात तिथेच कोल्लिडमवर आडवा बांध घातला. मग कावेरीत पाणी जास्त येऊ लागलं, तेव्हा तिलाही आवर घालावा लागला. कॉटनच्या त्या बांधाचे नऊ दरवाजे २२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री पुरात वाहून गेले. त्या दिवसांत कोल्लिडम दुथडी भरून समुद्राला जात होती आणि टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी पाण्यासाठी आंदोलनं करत होते. तमिळमध्ये टेलला कडैमडै म्हणतात. आपल्या कुकडी-मुळेच्या टेलला बसलेल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

कावेरीच्या पाणीवाटपाचा १९२४ चा म्हैसूर-मद्रास करार, लवाद, २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा १७७.२५ टीएमसीचा आकडा, हे सगळं वर्तमानपत्रांतून आलेलं आहे. मला त्यात कोविलडीचाच नवाब आणि तोच राजा दिसतो. पाणी किती पडलं याच्या इतकंच, बांध कुणाच्या हातात आहे यावर खालच्याचं पीक ठरतं. ऱ्हाइनवर मला हे दिसलं नाही, कारण तिथे पाणी खरोखरच आटलं होतं आणि आमचं नुकसान सहलीपुरतं होतं.

आडुतुरैने यावर आपल्या परीने एक उत्तर शोधलेलं आहे. १९२२ साली इथे भाताचं संशोधन केंद्र सुरू झालं. मेट्टूरचं दार उघडण्याचा रिवाजाचा दिवस १२ जून. त्या पाण्यावर कुरुवै नावाचं पहिलं पीक घ्यायचं आणि ऑक्टोबरचा ईशान्य मोसमी पाऊस कोसळण्याच्या आत कापून मोकळं व्हायचं. म्हणजे भाताकडे दिवस मोजकेच. साठच्या दशकातलं इथलं 'आडुतुरै २७' हे जपानी आणि आपल्या भाताच्या संकरातून आलेलं वाण साधारण १०५ दिवसांत तयार होई. पुढे ३६ आलं, ४३ आलं, तीही ११० दिवसांच्या घरातली. शेतकरी दुकानात नुसता आकडा सांगतो. वर पाणी कोण अडवतो ते या केंद्राच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी भाताचा मुक्काम कमी केला. मला हे काम कॉटनच्या बांधाच्या तोडीचं वाटतं.

पण पाणीच उशिरा आलं तर ११० दिवसांचं वाणही काय करणार? २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं मेट्टूरचं दार १२ जूनला उघडलं नाही. २०२० मध्ये उघडलं. २०२२ मध्ये तर २४ मेलाच उघडलं, आम्ही ऱ्हाइनवर बसमध्ये बसलो त्याच वर्षी. २०२४ मध्ये ते जुलैच्या २८ तारखेपर्यंत बंद राहिलं.

कोविलडीला मी परतीच्या वाटेवर गेले. बांधावरून आता रस्ता जातो. एका हाताला कावेरी, दुसऱ्या हाताला कोल्लिडम, आणि दोन्हीकडे वाळू. मी सांगलीच्या सवयीने खांबावरची मोजपट्टी शोधली. पाण्याचा काठ तिच्यापर्यंत पोचलेलाच नव्हता.

तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. भोसल्यांच्या दरबाराचे हिशेब त्यांत आहेत, आणि बरेचसे अजून वाचले जायचे आहेत. इंग्रजांच्या बाजूने कोविलडीची हकिकत छापलेली आहे. तंजावरच्या बाजूची, म्हणजे बांधावर किती मजूर लावले, त्यांना काय दिलं, नवाबाला कोणत्या शब्दांत लिहिलं, हे सापडायचं तर तिथेच सापडेल, आणि ते मराठीत असेल. महाराष्ट्रात मोडी शिकवणारे वर्ग आता गावोगावी चालतात. हा लेख वाचणाऱ्यांत ज्यांना मोडी येतं, त्यांनी एक उन्हाळा तंजावरला काढावा, अशी माझी विनंती आहे. मी अजून शिकते आहे.