नेमबाजाची रायफल आणि वरातीतली रायफल

ग्वाल्हेर शहराच्या ज्या भागास लष्कर म्हणतात, तो मूळचा शिंद्यांचा तळ होय. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी टाकली. पुढे छावणीचे शहर झाले, आणि नावापुरते लष्कर तेवढे मागे राहिले. या लष्करातच महाराजवाड्याच्या चौकाजवळ टोपी बाजार आहे. लग्नसराईत तेथील गर्दीतून वाट काढताना खांद्यावर बंदूक अडकवलेला एखादा गृहस्थ समोरून आला, तर परगावचा पाहुणा दचकतो. तेथला मनुष्य बाजूला सरून आपल्या खरेदीला लागतो. चंबळच्या मुलखात बंदूक ही पागोट्यासारखीच घरंदाजपणाची खूण समजली जाते. तिचे वेड किती खोल आहे, याची साक्ष सरकार-दरबारीही सापडते. 2008 साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास बंदुकीच्या परवान्यासाठी झुकते माप देण्याची योजना निघाली होती. 2019 साली ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्याने आधी दहा झाडे लावावीत, अशी अट घातली. ज्या वस्तूसाठी माणसे इतके करावयास तयार होतात, ती निवडताना मात्र बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: बार किती मोठा होतो?

नेमबाजीच्या खेळात हा प्रश्न जवळजवळ शेवटचा ठरतो. ते कसे, हे पाहावयाचे तर छायाकृतींच्या चांदमारीचे उदाहरण घ्यावे. हा खेळ मेक्सिकोतला. लोखंडी पत्र्याची कापलेली जनावरे हेच त्यातले लक्ष्य. कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा अशी चार सोंगे, प्रत्येकाची पाच-पाचांची रांग. मूळच्या मोठ्या रायफलीच्या खेळात कोंबडी 200 मीटरवर, डुक्कर 300 वर, टर्की 385 वर आणि मेंढा 500 मीटरवर उभा असतो. मेक्सिकोची सरहद्द ओलांडून हा खेळ अमेरिकेत आला, आणि 1973 साली तेथील राष्ट्रीय रायफल संघटनेने त्यास मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान नाही. नियम साधे, पण निष्ठुर आहेत. नेमबाजाने उभे राहून, कशाचाही टेकू न घेता, डावीकडून उजवीकडे क्रमाने एका जनावरास एकच गोळी मारावयाची. जनावर पडले तर गुण. गोळी लागून लोखंड खणखणले, पण जनावर जागीच उभे राहिले, तर शून्य!

याच खेळाचा एक पोटभेद लिव्हरच्या रायफलीसाठी आहे. त्यात अंतरे 50, 100, 150 आणि 200 मीटर अशी आटोपशीर असतात, आणि दुर्बीण लावण्यास मनाई असते. लिव्हरची रायफल म्हणजे काय, हे पाश्चात्त्य चित्रपटांतील घोडेस्वार पाहिलेल्यांस सांगावयास नको. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व घोडा चढतो; ती वर मिटली की नवे काडतूस नळीत शिरते. 1860 सालची हेन्री रायफल, 1873 ची विंचेस्टर आणि जॉन ब्राउनिंगने आखलेली 1894 ची विंचेस्टर ही या घराण्यातील थोर मंडळी. यांपैकी शेवटची एवढी खपली की तिची संख्या सत्तर लाखांवर गेली. मार्लिन कंपनीची 336 ही 1948 साली निघालेली रायफल तिची जुनी प्रतिस्पर्धी होय.

निवडीचा पहिला विचार काडतुसाचा. येथे 'टोपी' हा शब्द पुन्हा भेटतो, पण वेगळ्या अर्थाने. काडतुसाच्या बुडाशी जी लहानशी स्फोटक वाटी असते, तिला आपल्याकडे टोपी म्हणतात. जुन्या टोपीदार बंदुकीचे नावही त्यावरूनच पडले. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, आडवी निजलेली असतात. अर्थात प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते. गोळी अणकुचीदार असेल, तर धक्क्यासरशी ते टोक टोपीवर आपटून काडतूस आतच उडण्याचा संभव असतो. म्हणून अशा रायफलीत चपट्या किंवा बोथट टोकाचीच गोळी घालावयाची. अलीकडे मऊ, लवचिक टोकाच्या गोळ्याही निघाल्या आहेत. काडतुसे पेटीत किंवा फिरत्या चक्रात ठेवणाऱ्या लिव्हर रायफलींना, उदाहरणार्थ जुन्या सॅव्हेज 99 ला, ही अडचण नाही. पण लिव्हरच्या सामन्यांचे नियम साधारणतः नळीच्या कोठीचीच रायफल धरून केलेले आहेत.

बोथट गोळीस हवा लवकर अडवते. .30-30 हे या रायफलींचे नेहमीचे काडतूस. त्याचा नेम 100 मीटरवर बसवला, तर 200 मीटरवर गोळी वीतभर किंवा त्याहूनही अधिक खाली जाते. यावर अधिक जोरदार काडतूस हा उपाय नव्हे. मेंढा पडण्यास वेगापेक्षा गोळीचे वजन अधिक उपयोगी पडते, म्हणून पुष्कळजण .30-30 मध्ये 150 ग्रेनऐवजी 170 ग्रेनची गोळी पसंत करतात. त्याच्या पलीकडे जाऊन .45-70 सारखे जाडजूड काडतूस घेणाऱ्यास मेंढे पाडण्याचा आनंद मिळेल. पण चाळीस गोळ्यांच्या सामन्यात विसाव्या गोळीपासून त्याचा खांदा बोलू लागेल, आणि तिसाव्या गोळीपासून चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागतील. धक्क्याला भिऊन मिटलेला डोळा पुन्हा उघडावयास शिकवणे फार कठीण असते. नवख्यांचे नेम जेवढे दारूने चुकत नाहीत, तेवढे या भीतीने चुकतात.

आता रायफल हाती घेऊन पाहावी. दुकानात ती खांद्याला लावताना डोळे मिटावेत, सहज वाटेल अशी ती बसवावी आणि मग डोळे उघडावेत. मागची खाच व पुढची माशी आपोआप एका रेषेत दिसली, तर दस्ता त्या माणसासाठी बरा. मान ताणावी लागली, तर ती रायफल दुसऱ्या कोणाची तरी आहे असे समजावे. जुन्या धाटणीच्या रायफलींच्या दस्त्याला चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी असते. ती दिसते सुरेख आणि रुतते तेवढीच. सपाट, रुंद बुडाचा दस्ता सोयीचा. 20 इंची नळीची आखूड रायफल घोड्यावर न्यावयास छान, पण या खेळात कोणी घोड्यावर बसत नाही. 24 इंचांची लांब नळी पुढून जड पडते. उभ्याने नेम धरताना तोच जडपणा नळीची थरथर शांत करतो. शिवाय खाच आणि माशी यांमधील अंतर वाढल्याने नेमातली लहानशी चूकही डोळ्यास दिसते. मागची उघडी खाच काढून तिच्या जागी बारीक भोकाची, खुटखुट आवाज करीत वर-खाली सरकणारी नेमाची चकती बसवता आली, तर उत्तमच. चार अंतरांसाठी चार खुणा टिपून ठेवता येतात, आणि अंदाजावर भिस्त ठेवावी लागत नाही.

चापाची गोष्ट नाजूक आहे. लिव्हर रायफलीचा चाप बहुधा जड व खरखरीत असतो. तो हलका करून घेण्याचा मोह होतो. पण हे काम शिकलेल्या कारागिराचेच. घरी कानस चालवून 'मऊ' केलेला चाप एखाद्या दिवशी नुसत्या धक्क्याने सुटतो. आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. खालची काडतुसांची नळी वरच्या नळीस पट्ट्यांनी जखडलेली असल्यामुळे, नळी तापली की नेमाचे ठिकाण हलते. म्हणून जुनी रायफल घेणाऱ्याने पहिल्या तीन गोळ्यांवर भाळू नये. दहा झाडून पाहाव्यात.

हे सर्व ठीक. पण टोपी बाजारातल्या त्या गृहस्थास विंचेस्टर मिळणार कोठून? भारतात साधा परवानाधारक परदेशी रायफल आयात करू शकत नाही; ती सवलत मान्यताप्राप्त नामांकित नेमबाजांना आहे. इतरांस वारशाने आलेली किंवा परवानाधारकाकडून रीतसर घेतलेली जुनी रायफलच शोधावी लागते. 1959 च्या शस्त्र अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका माणसास तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे निवड चुकली तर ती दुरुस्त करण्यास जागा थोडी. .303 आणि 7.62 मिलिमीटर हे बोअर तर प्रतिबंधितच आहेत. चंबळेत घरोघर दिसणारी .315 ही इच्छापूरच्या रायफल कारखान्याची ओळख. ती लिव्हरची नसून बोल्टची आहे, मजबूत आहे. पण बारीक नेमाच्या उभ्या खेळासाठी ती घडवलेली नाही.

नव्याने शिकणाऱ्यास खरी उपयोगाची .22 बोअर. तिचे सामने 40, 60, 77 आणि 100 मीटरवर होतात, जनावरे मूळच्या एक पंचमांश आकाराची असतात, धक्का जवळजवळ नसतो, आणि काडतूस स्वस्त असल्याने सराव करवतो. मार्लिनची 39-ए ही त्या वर्गातील मान्यवर लिव्हर रायफल. ब्राउनिंगच्या बीएल-22 ची कडी इतकी थोडी उघडते की दस्त्यावरची पकड फारशी मोडत नाही. मराठी मुलुखाने नेमबाजीत जे नाव मिळवले, ते अशा लहान बोअरवरच. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना 1951 साली लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिचला 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने अशा त्या तीन स्थितींत उभ्याची सर्वांत अवघड. छायाकृतींच्या खेळात मात्र दुसरी स्थितीच नाही.

वरातीतली रायफल कोणाच्याही मापाची नसते, आणि तिचे तोंड आभाळाकडे असते. आभाळात गेलेली गोळी कोठे तरी उतरते. कित्येक मांडवांत ती पाहुण्यांच्या अंगावर उतरली आहे. 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात बेपर्वाईने झाडलेल्या बारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. ज्या तरुणाला बाराचा आवाजच हवा आहे, त्याला रायफल निवडण्याची गरज नाही, फटाके पुरेत. ज्याला जनावर पाडून पाहावयाचे आहे, त्याने परवान्याची वाट पाहत बसू नये. 4.5 मिलिमीटर बोअरच्या, 20 ज्यूलच्या आतील शक्तीच्या हवाई रायफलीस शस्त्रपरवाना लागत नाही. तिच्याही छायाकृती असतात, मूळच्या एक दशांश आकाराच्या, 20, 30, 36 आणि 45 यार्डांवर मांडलेल्या. मागे मातीचा उंच बांध, डोळ्यांवर चष्मा आणि आसपास कोणी नाही अशी जागा पाहून पत्र्याच्या पाच कोंबड्या ओळीने उभ्या कराव्यात, आणि उभ्याने, टेकू न घेता, डावीकडून सुरुवात करावी.