लष्करी अधिकारी जेव्हा विमानांचा कारखाना चालवतो

गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू हे गाव विज्ञानाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१) यांचा जन्म या गावचा. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात त्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. हा कारखाना १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी उभा केला. तो पुढे सरकारी झाला आणि १९६४ मध्ये त्याचेच ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाले.

या कारखान्याच्या प्रमुखपदी अनेकदा हवाई दलातील अधिकारी नेमले गेले. प्रतापचंद्र लाल, ओमप्रकाश मेहरा आणि लक्ष्मण माधव कात्रे हे तिघे तर येथील कारभार सांभाळून पुढे हवाई दलप्रमुख झाले. जो माल विकत घेणार त्याच्याच माणसाला कारखान्याच्या खुर्चीत का बसवायचे? उत्तरासाठी ‘मारुत’ विमानाची कहाणी पाहू.

इंजिन हुकले आणि गणित चुकले

हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे लढाऊ विमान हवे होते. जर्मन अभियंता कुर्ट टांक १९५६ मध्ये भारतात आले. त्यांनी व भारतीय अभियंत्यांनी तयार केलेले मारुत १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. विमानाचा आकार वेगाला साजेसा होता. अडचण इंजिनाची होती. ज्या ब्रिटिश इंजिनावर आराखडा बेतला होता त्याचा विकास ब्रिटनने सोडून दिला. त्याचा खर्च उचलण्याची आपलीही तयारी नव्हती. नियोजित इंजिनाचा रेटा पश्चज्वलनासह सुमारे ३,७०० किलोग्रॅम भाराइतका होता; प्रत्यक्षात बसवलेल्या इंजिनाचा सुमारे २,२०० होता. विमानात अशी दोन इंजिने होती.

याचा परिणाम वर्गात फळ्यावर काढता येईल. हवेचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ, एकसमान वेगाने उडताना रेटा आणि अवरोध समान असतात. रेटा ०.६ पट झाला तर वेग ०.६ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ०.७७ पट होईल. मग दुप्पट ध्वनिवेगाऐवजी दीडपट तरी मिळायला हवा होता!

पण मारुतला सरळ उड्डाणात ध्वनिवेगही ओलांडता आला नाही. असे का? ध्वनिवेगाच्या आसपास विमानाभोवती आघाततरंग तयार होतात आणि अवरोध वर्गाच्या नियमापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. करूळ घाट आठवा. घाटमाथ्यावर गगनबावड्यापासून पुढे रस्ता सोपा आहे. पण ज्या गाडीला चढच झेपत नाही तिला त्या सोप्या रस्त्याचा काय उपयोग? मारुत त्या चढाखालीच राहिले.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. मारुतच्या पहिल्या उड्डाणाचे वैमानिक सुरंजन दास हे हवाई दलाचे अधिकारी होते. १० जानेवारी १९७० रोजी पश्चज्वलन बसवलेल्या मारुतच्या चाचणीत त्यांना मृत्यू आला. कमी पडलेल्या रेट्याची किंमत केवळ आकड्यांत मोजता येत नाही.

तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मारुतने जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करण्याचे काम चांगले बजावले. कमी उंचीवर ते स्थिर उडे. जे काम झेपते ते ओळखून विमान वापरणे हेही शहाणपणच.

खुर्चीत कोण असावे?

उडवणाऱ्याला विमानाच्या उणिवा अंगावर घेऊन माहीत असतात. कोणता भाग वारंवार बिघडतो, तळावर दुरुस्तीला किती वेळ लागतो, हे त्याला कागद वाचून कळावे लागत नाही. लाल १९६६ मध्ये कारखान्यात आले. पुढच्याच वर्षी मारुत हवाई दलात दाखल झाले. अशा वेळी दोन्ही बाजू जाणणारा माणूस मोलाचा ठरतो.

मात्र यात दोन धोके आहेत. पहिला, माल करणारा आणि तो पारखणारा एकाच घरचे झाले तर पारख सैल पडू शकते. दुसरा धोका काळाचा. कात्रे कारखान्यातून निघून सप्टेंबर १९८४ मध्ये दलप्रमुख झाले आणि १ जुलै १९८५ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला. तेच ‘तेजस’ प्रथम उडाले ४ जानेवारी २००१ रोजी आणि त्याची पहिली तुकडी उभी राहिली १ जुलै २०१६ रोजी. अधिकाऱ्याचा कार्यकाळ दोन-तीन वर्षांचा, विमानाचा तीन दशकांचा! अशा कामात माणूस बदलला तरी ज्ञान टिकले पाहिजे. त्यासाठी आराखडा करणाऱ्यांची सलग पिढी लागते. घाटग्यांसारख्यांचे महत्त्व येथे आहे.

आणि इंजिन? तेजसलाही परदेशी इंजिनच बसवावे लागले. मारुतचा धडा अजून पुरा झालेला नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विचारावे : रेटा निम्मा झाला तर वर्गाच्या नियमाने वेग किती उरेल? आणि उत्तर काढल्यावर हेही विचारावे, की हा नियम कोणत्या वेगापर्यंत विश्वासाने वापरता येईल?