नागासाकी येथील सुटीचे दिवस

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, मूळचा वसईकडचा, विद्यापीठांच्या विद्यार्थी-विनिमय योजनेनें एक वर्षाकरितां जपानांतील नागासाकी शहरीं शिकावयास गेला आहे. "शनिवार-रविवार मोकळे असतात; पण येथें आपलें म्हणावें असें कांहींच नाहीं," असें त्यानें पहिल्याच पत्रांत लिहिलें. मीं उलट टपालानें कळविलें, "निशिझाका टेकडीवर जाऊन ये. तेथें तुझ्या गांवचा एक मनुष्य आहे." पुढें त्याचीं जीं पत्रें आलीं त्यांवरून व थोड्या वाचनावरून हा लेख सिद्ध केला आहे.

नागासाकी हें क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका लांब व अरुंद खाडीच्या टोकाशीं वसलेलें आहे. सपाट जमीन थोडी, म्हणून घरें डोंगरउतारांवर चढत गेलेलीं आहेत. खालच्या भागांत १९१५ सालापासून ट्राम चालते. मुंबईची ट्राम १९६४ सालीं बंद पडली, तिची हौस आमच्या विद्यार्थ्यानें तेथें भागविली. १५७१ सालीं हें बंदर पोर्तुगीज व्यापारास खुलें झालें. त्या काळीं वसईही पोर्तुगीजांकडेच होती. आपण "पाव" म्हणतों, जपानी मनुष्य "पान" म्हणतो. दोन्ही शब्दांचें मूळ एकच पोर्तुगीज शब्द. तेथील प्रसिद्ध "कासुतेरा" केकही त्याच गलबतांची देणगी. विद्यार्थ्यानें त्याचें वर्णन टेकडीच्या वर्णनाहून मोठें केलें आहे, तें येथें गाळलें आहे.

निशिझाका टेकडी रेल्वे-स्टेशनापासून थोड्याच मिनिटांच्या चढावर आहे. तेथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं, तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकुमानें, सव्वीस ख्रिस्ती लोकांस क्रूसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा गोन्सालो गार्सिया. त्याचा पिता पोर्तुगीज, माता इकडचीच. तरुणपणींच तो जपानांत गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, मध्यंतरीं व्यापार केला, आणि पुढें फ्रान्सिस्कन पंथांत शिरून १५९३ सालीं दुभाषा म्हणून परतला. धर्मगुरूंचे शब्द जपानी लोकांस कळत ते या वसईकराच्या तोंडून. या बंदिवानांच्या डाव्या कानांचे तुकडे कापून त्यांस ऐन हिवाळ्यांत क्योतोपासून नागासाकीपर्यंत, जवळजवळ महिनाभर, नेलें. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. १८६२ सालीं सर्वांस संतपद मिळालें. १९६२ सालीं फुनाकोशी यासुताके या शिल्पकारानें घडविलेल्या सव्वीस ब्राँझ मूर्ती तेथें एका ओळींत बसविण्यांत आल्या. "यांत आमचा कोणता?" असें विद्यार्थ्यानें मोडक्या जपानींत विचारिलें. एका वृद्ध बाईंनीं मूर्ति दाखविली, आणि हा मुलगा वसईचा हें कळतांच त्यालाच लवून नमस्कार केला. तो बिचारा गोंधळून गेला.

दुसरा शनिवार देजिमा येथें गेला. पोर्तुगीजांस लोकांपासून वेगळें ठेवण्यासाठीं १६३६ सालीं हें पंख्याच्या आकाराचें बेट मुद्दाम बांधलें. १६४१ पासून तेथें डच राहिले. आतां भोवतालचा समुद्र बुजविल्यामुळें तें शहराच्या पोटांत आहे.

मधल्या काळांत ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी होती. संशयितांस ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. १८६५ सालीं परदेशीयांकरितां ओउरा येथें ख्रिस्तमंदिर झालें व तें त्या सव्वीस जणांसच अर्पण केलेलें होतें. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं उराकामी खेड्यांतील कांहीं माणसें तेथें आलीं, आणि एका बाईनें फ्रेंच धर्मगुरूस हळूच सांगितलें कीं, आमचीही श्रद्धा तुमचीच आहे. अडीचशें वर्षें त्या लोकांनीं ती घरांत लपवून जपली होती!

त्यांच्या वंशजांनीं उराकामी येथें मोठें मंदिर उभारिलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं अणुबाँब फुटला, तो त्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. आंत पापनिवेदनासाठीं जमलेले लोक व धर्मगुरु मृत्यू पावले. ढिगाऱ्यांतून एक घंटा अभंग निघाली. १९५९ सालीं मंदिर पुन्हां बांधलें. विद्यार्थी तेथें तासभर बसून राहिला. छायाचित्र काढण्यास हात उचलला नाहीं, असें लिहितो.

त्याच पत्रांत एक मागणी आहे. वसईच्या किल्ल्यांत गोन्सालोच्या नांवाचें जुनें ख्रिस्तमंदिर आहे, त्याचें छायाचित्र पाठवावें. टेकडीवरील बाईंस द्यावयाचें आहे. गोन्सालोची गोष्ट मीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितली, पण तें मंदिर कधीं पाहिलें नाहीं. येत्या रविवारीं दुपारच्या गाडीनें जाणार आहें.